खाटा किती?

नर्सिंग कॉलेजचं माहितीपत्रक उघडलं की पहिल्या पानावर इमारत असते. मग संस्थापक अध्यक्षांचा फोटो, हातात दिवे घेऊन शपथ घेणाऱ्या मुली, प्रॅक्टिकल लॅबमधला प्लास्टिकचा पुतळा, पिवळी बस आणि शेवटच्या पानावर ‘१०० टक्के प्लेसमेंट’. फीचा आकडा बहुधा छापलेला नसतो. तो फोनवर कळतो आणि दर फोनला थोडा बदलतो. पण या पत्रकांत आणखी एक गोष्ट हटकून गाळलेली असते आणि ती कुणी विचारतही नाही. मुली ज्या हॉस्पिटलात शिकणार तिथे खाटा किती आणि त्यांतल्या भरलेल्या किती, हे कुठेही लिहिलेलं नसतं.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष स्पष्ट आहे. एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत आणि खाटा किमान ७५ टक्के भरलेल्या हव्यात. बी.एस्सी. नर्सिंगचं कॉलेज काढायचं तर संस्थेचं स्वतःचं निदान १०० खाटांचं हॉस्पिटल हवं. आता साधा हिशेब करू. वर्षाला ६० जागा म्हणजे चार वर्षांच्या मिळून २४० मुली. त्यांतल्या निम्म्याच एका वेळी पोस्टिंगला आहेत असं धरलं तरी १२० मुली आणि ३६० रुग्ण. १०० खाटांच्या हॉस्पिटलात, तेही पाऊणशे रुग्ण असताना, हे गणित बसत नाही. म्हणून कॉलेजं जिल्हा रुग्णालयाशी संलग्न होतात. त्याच जिल्हा रुग्णालयाशी शेजारच्या तालुक्यातली आणखी तीन-चार कॉलेजंही संलग्न असतात. मग एका सलाईनभोवती आठ मुली उभ्या राहतात. एक लावते, दोघी बघतात, उरलेल्या प्रोसिजर बुकात नोंद करतात. प्रसूतिकक्षात तर एकेका बाळंतपणाची नोंद चार-चार केस बुकांत होते, हे नर्सिंग शिकलेल्या कुणालाही विचारा.

नर्सिंग कॉलेज निवडताना घरोघरी एकच तराजू काढला जातो: एका पारड्यात फी, दुसऱ्यात नोकरी. पारडी बरोबर आहेत, पण त्यांत टाकली जाणारी वजनं चुकीची आहेत. फीच्या पारड्यात फक्त फी पडते आणि नोकरीच्या पारड्यात कॉलेजचं नाव पडतं. माझं म्हणणं असं, की भारतात तरी नर्सिंगच्या नोकरीत कॉलेजच्या नावाला जवळजवळ काहीच किंमत नाही, म्हणून नावासाठी दिलेला पैसा वाया जातो. जास्त पैसे मोजायचेच असतील तर ते भरलेल्या वॉर्डासाठी मोजावेत. आणि गंमत अशी, की सगळ्यांत भरलेले वॉर्ड सगळ्यांत स्वस्त कॉलेजांकडे आहेत.

नावाला किंमत नाही, हे इंजिनिअरिंग आणि एमबीएच्या हवेत वाढलेल्या पालकांना पटत नाही. तिथे कंपन्या कॅम्पसवर येतात, कुठल्या कॉलेजात यायचं ते ठरवतात, आणि त्या एका दिवसावर मुलाचा पहिला पगार ठरतो. नर्सिंगमध्ये चांगल्या नोकरीची दारं बहुतेक परीक्षेने उघडतात. दिल्लीच्या एम्सने २०२० पासून नॉरसेट ही सामाईक परीक्षा सुरू केली. त्यातून देशभरच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर भरले जातात, मूळ वेतन ४४,९०० रुपये. महाराष्ट्राच्या वैद्यकीय शिक्षण विभागाची अधिपरिचारिका ३५,४०० च्या मूळ वेतनावर लागते, तीही परीक्षेने. या परीक्षांत लातूरच्या कॉलेजातून आलात की मुंबईच्या, याला गुण नाहीत. परदेशातही तेच. अमेरिकेची एनक्लेक्स, आखाताची प्रोमेट्रिक, ब्रिटनची संगणकावरची आणि मग प्रत्यक्ष कौशल्याची चाचणी, यांपैकी कोणतीही परीक्षा तुमच्या कॉलेजला किती एकरांचा कॅम्पस होता हे विचारत नाही. कॉर्पोरेट हॉस्पिटलं आपल्याच ग्रुपच्या कॉलेजातल्या मुली आधी घेतात, एवढा एक अपवाद मान्य. पण तिथला पहिला पगार पाहिला की त्या अपवादासाठी दोन लाख जास्त मोजावेत असं वाटत नाही.

परीक्षेने दार उघडतं. आत गेल्यावर मात्र हात लागतात. रात्री अडीच वाजता पेशंटचा श्वास बदललाय हे मॉनिटरच्या आधी ओळखणं वाचून येत नाही. ते शेकडो रुग्ण पाहून येतं. केईएम, जे.जे., ससून, नागपूरचं मेडिकल या हॉस्पिटलांत हजाराहून जास्त खाटा आहेत आणि रुग्ण त्याहूनही जास्त. तिथल्या मुलीने तीन वर्षांत जे पाहिलेलं असतं ते अनेक खासगी कॉलेजांच्या मुली नोकरीच्या पाचव्या वर्षी पाहतात. तिची फी नगण्य असते आणि वर विद्यावेतन मिळतं. या शिक्षणालाही खोट आहे. अशा ठिकाणी विद्यार्थिनी ही मनुष्यबळाची भर म्हणून वापरली जाते. वॉर्डात सिस्टर कमी पडल्या की शिकाऊ मुलींवर रात्रपाळी येते, पाठ्यनिर्देशिका कागदावर असतात आणि शिकवायला वेळ कुणालाच नसतो. हे शोषण आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तरी दोन वाईट गोष्टींतून निवडायचं झालं, तर जिथे काम फार आणि शिकवणारं कमी अशी जागा मी निवडेन. जिथे शिकवणी फार आणि रुग्णच नाहीत, ती नाही.

इथे जरा मागे जायला हवं. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं आणि लवकरच त्यांनी बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यांत विधवा होत्या. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, कुठल्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, रात्री घराबाहेर राहायचं. हे सगळं त्या काळच्या पुण्याला काय वाटलं असेल ते सांगायला नको. पण पैशाची दिशा बघा. नर्सिंगची शाळा तेव्हा हॉस्पिटलचाच भाग असायची. शिकणारी राबायची आणि बदल्यात हॉस्पिटल तिला राहायला जागा, जेवण, गणवेश आणि थोडं विद्यावेतन द्यायचं. शिक्षण स्वस्त होतं म्हणण्यापेक्षा शिकणाऱ्या मुलीच्या श्रमाला किंमत होती. या पद्धतीचे तोटे पुष्कळ होते. शिस्त पलटणीची आणि अभ्यास डॉक्टरांच्या मर्जीचा. म्हणूनच नर्सिंग विद्यापीठाकडे गेलं, पदवी झालं, आणि ते योग्यच झालं. मात्र त्या वाटेवर एक उलटापालट गुपचूप होऊन गेली. आता खासगी कॉलेजातली मुलगी वर्षाला लाख रुपये भरते आणि कॉलेजच्या हॉस्पिटलात रात्रपाळीही करते. म्हणजे श्रम तीच देते आणि पैसेही तीच देते.

जर्मनीत अजून तसं नाही. तिथे नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं, नोकरीला जोडलेलं असतं. २०२० च्या नव्या कायद्याने वेगवेगळे अभ्यासक्रम एकत्र केले, आणि शिकणाऱ्याकडून फी घ्यायची नाही, त्याला पगार द्यायचा हे पक्कं केलं. पहिल्या वर्षापासून महिन्याला हजार युरोहून अधिक मिळतात. तिथली तरुण मुलं तरीही नर्सिंगला पुरेशी येत नाहीत, म्हणून जर्मनी आपल्याकडे माणसं मागतो, हा भाग वेगळा. त्याकडे पुढे येतो.

आधी फीच्या पारड्याचं बघू. एक मुलगी खासगी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला गेली असं धरा. फी वर्षाला एक लाख, वसतिगृह आणि मेस साठ हजार. चार वर्षांत गणवेश, बस, परीक्षा, ‘क्लिनिकल चार्जेस’ नावाचं एक गूढ प्रकरण आणि शैक्षणिक सहल धरून सात लाख सहज होतात. त्यातले चार लाख कर्जाने उभे केले, कारण तेवढ्याला बँक तारण मागत नाही. दरवर्षी एक लाख उचलले, व्याज दहा टक्के. शिक्षण संपून वर्षभराने हप्ते सुरू होतील तेव्हा कर्ज साधारण पाच लाख चाळीस हजारांवर गेलेलं असेल आणि सात वर्षांचा हप्ता नऊ हजारांच्या घरात येईल. आता तिचा पहिला पगार पाहा. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये पंधरा हजार मिळाले तरी नशीब. हप्ता गेल्यावर हातात सहा हजार. त्यात खोलीभाडं द्यायचं, खायचं आणि शिवाय नॉरसेटची तयारी करायची. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी स्टाफ नर्सची जागा मिळाली तर वीस हजार. थोडा श्वास मिळतो, पण दर वर्षी कंत्राट नवं होईल की नाही याची धाकधूक असतेच. हीच मुलगी एम्सला लागली तर तो हप्ता तिला जाणवणारही नाही. म्हणजे कर्ज परवडतं की नाही हे कॉलेजच्या फीवर कमी आणि पहिल्या तीन वर्षांच्या पगारावर जास्त ठरतं. ज्या घरात ही तीन वर्षं मुलीला सांभाळायची ऐपत आहे ते घर महाग कॉलेज निवडू शकतं. ज्या घराला तिचा पगार पहिल्या महिन्यापासून हवाय त्याने कर्जाचं नाव काढू नये. अनेकदा होतं नेमकं उलटं, कारण गरज असलेल्या घरालाच ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे शब्द सर्वांत खरे वाटतात.

मग जीएनएम की बी.एस्सी., हा दुसरा प्रश्न. जीएनएम म्हणजे नर्सिंगची तीन वर्षांची पदविका, तिला बारावीला कला किंवा वाणिज्य असलं तरी चालतं. बी.एस्सी.ला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. जीएनएमवाल्यांना वॉर्डात कुणी कमी लेखत नाही; जुन्या मेट्रन तर उघड सांगतात की पदवीवाल्या मुली नोट्स चांगल्या लिहितात आणि जीएनएमवाल्या ड्रेसिंग चांगलं करतात. पण नियम वॉर्डाला विचारून बनत नाहीत. नॉरसेटला बी.एस्सी. झालेली मुलगी थेट बसते. जीएनएम झालेलीला निदान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आरोग्यवर्धिनी केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला महाराष्ट्रात पंचवीस हजार मानधन आणि कामानुसार पंधरा हजारांपर्यंत मोबदला मिळतो. या जागांच्या जाहिराती बी.एस्सी. नर्सिंग आणि आयुर्वेद पदवीधरांसाठी निघाल्या. दुसरीकडे जीएनएमची वाट बंद नाही. तीन वर्षं शिका, दोन वर्षं कमवा, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करा. सात वर्षांनी दोघी जवळपास एकाच पायरीवर येतात. फरक एवढाच, की एकीने वाटेत कमावलेलं असतं आणि दुसरीला वाटेत थांबावं लागलेलं नसतं.

अमेरिकेतही हीच दोन टोकं आहेत. दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा कोर्स स्वस्त कम्युनिटी कॉलेजात करा किंवा चार वर्षांची पदवी घ्या, एनक्लेक्स-आरएन दोघांना तीच. न्यूयॉर्क राज्याने २०१७ साली कायदा करून असोसिएट डिग्रीवाल्यांना सांगितलं, की नोकरी करा, पण दहा वर्षांत पदवी पूर्ण करा. शिडीची खालची पायरी काढून टाकली नाही. आपल्याकडे जीएनएम बंद करायची भाषा वरचेवर होते तेव्हा हा विचार व्हायला हवा, की बारावीला कला शाखा घेतलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलीची शिडी कुठून सुरू होणार? अमेरिकेकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. तिथली राज्यांची नर्सिंग मंडळं प्रत्येक कॉलेजचा एनक्लेक्समधला पहिल्या प्रयत्नातला उत्तीर्णांचा टक्का जाहीर करतात. तिथल्या आईबापांना तो आकडा कॉलेजच्या चकचकीत पत्रकावर अवलंबून न राहता मिळतो. आपल्या परिषदा दर वर्षी कॉलेजांची तपासणी करतात, खाटा मोजतात, शिक्षकांच्या याद्या मागतात. ही माहिती फायलीत जाते. ती एका पानावर कॉलेजवार टाकायला नवा कायदा लागत नाही.

माझ्यापुरता निकाल असा. सरकारी बी.एस्सी. मिळाली तर प्रश्नच नाही. ती हुकली आणि सरकारी जीएनएमला नंबर लागत असेल तर खासगी बी.एस्सी.साठी कर्ज काढण्याआधी दहादा विचार करावा. सैन्यदलाची एक वाट आहे, तिची चर्चा फार कमी होते. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या सहा कॉलेजांत मुलींसाठी २२० जागा आहेत. त्यांतली एक पुण्यात एएफएमसीला, एक मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात. शिक्षण, राहणं, खाणं फुकट आणि बाहेर पडल्यावर लेफ्टनंटचं पद. निवड नीटमधून होते आणि सेवेचा करार असतो. शर्यत कठीण आहे, पण अर्ज तरी करायला काय हरकत आहे?

खासगी कॉलेजात जायचंच असेल तर एक गोष्ट आज लाखभराची ठरते आणि ती फीबद्दल नसून दाराबद्दल आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक पदव्यांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. अट एकच, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. बी.एस्सी. नर्सिंगसाठी २०२३ पासून राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. या वर्गांतली जी मुलगी ती देते, ऑप्शन फॉर्म भरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत धीर धरते, तिची फी सरकार भरतं. जी पहिल्याच फेरीनंतर घाबरते आणि ‘सीट जाईल’ म्हणणाऱ्या एजंटाच्या सांगण्यावरून मॅनेजमेंट कोट्यातून आत जाते, तिला त्याच बाकावर बसण्यासाठी पूर्ण फी पडते. वर एजंटाचं कमिशन, जे कुठल्याच पावतीवर नसतं. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती संकेतस्थळावर असते. कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे ठाऊक असलेल्या बापाशी कॉलेजचा क्लार्क वेगळ्या आवाजात बोलतो.

आता नोकरीच्या पारड्यातली एक वस्तू, जी अठराव्या वर्षी कुणालाच दिसत नाही: कॉलेज दहा वर्षांनी जिवंत असणं. परदेशी परिषदा कॉलेजचं नाव बघत नाहीत, पण कॉलेजकडून कागद मागतात. कोणत्या विषयाचे किती तास शिकवले, किती तास वॉर्डात, प्राचार्यांची सही, शिक्का, थेट कॉलेजच्या पत्त्यावरून पाठवलेला लिफाफा. आखातासाठीची डेटाफ्लो पडताळणी कॉलेजच्या कार्यालयाला पत्र लिहून खात्री करते. ज्या कॉलेजचं कार्यालय पत्राला उत्तर देत नाही, ज्याच्या नोंदी सापडत नाहीत किंवा जे बंदच पडलंय, तिथली मुलगी कितीही हुशार असो, तिचा अर्ज टेबलावर पडून राहतो. मध्य प्रदेशात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या उच्च न्यायालयाने नर्सिंग कॉलेजांची चौकशी सीबीआयकडे सोपवली. तीनशेहून अधिक कॉलेजं तपासली गेली आणि साठाहून अधिक अपात्र ठरली. कुठे हॉस्पिटल नव्हतं, कुठे इमारत नव्हती. पुढे मे २०२४ मध्ये चौकशी करणाऱ्या सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. या सगळ्यात मुलामुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि कित्येकांचं पहिलं वर्षही वेळेत संपेना. ‘फक्त परीक्षेला या’ म्हणणारी, हजेरी न मागणारी कॉलेजं स्वस्त वाटतात. विदर्भातल्या सीमेलगतच्या गावांत त्यांचे एजंट फिरतात. त्या स्वस्ताईत वाया जाणाऱ्या वर्षांची किंमत धरलेली नसते.

आणि परदेशाचं काय? नर्सिंगच्या फीचा अर्धा भाग आज परदेशाच्या आशेवर उभा आहे. केरळचं उदाहरण सगळे देतात, पण केरळच्या मुलीला परदेशी तिचं कॉलेज पाठवत नाही. तिची मावशी कुवेतला असते, चुलत बहीण आयर्लंडला, चर्चमधली कुणीतरी ह्यूस्टनला. कुठला फॉर्म आधी भरायचा आणि कोणत्या एजंटापासून लांब राहायचं हे तिला घरातच कळतं. तरीही केरळच्या मुली फसल्या. कुवेतच्या भरतीत कायद्याने जेमतेम १९,५०० रुपये घेता येत असताना एका एजन्सीने एकेकीकडून साडेएकोणीस लाख घेतल्याचं प्रकरण २०१५ मध्ये बाहेर आलं, आणि त्याच वर्षी केंद्राने आखातासह बऱ्याच देशांतली नर्सभरती सरकारी संस्थांमार्फतच करायचं ठरवलं. बीड किंवा गोंदियाच्या मुलीकडे ती मावशीही नसते. तिच्या कॉलेजने ‘जर्मनी प्लेसमेंट’चा फलक लावला तर तिने काय धरून चालायचं? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी दहा हजार कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सेस आहेत, हे खरं. पण करारातून जर्मन येत नाही. तिथे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला बी-२ पातळीची जर्मन लागते आणि त्यासाठी मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला वर्षभर दुसरं काही न करता भाषा शिकावी लागते. ब्रिटनने काही वर्षं विमानाचं तिकीट आणि परीक्षेचा खर्च देऊन नर्सेस नेल्या आणि मग हात आखडता घेतला. आज प्रवेश घेणारी मुलगी चार वर्षांनी बाहेर पडेल, पुढे दोन वर्षांचा अनुभव घेईल. त्या वेळी कोणत्या देशाचं दार उघडं असेल हे आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून परदेशाच्या नावाखाली फीत मागितलेला जादा रुपया देऊ नये. तोच रुपया नंतर भाषेच्या क्लासला द्यावा.

एवढं सगळं जपून केलं तरी एक मोठं वजन तराजूच्या बाहेरच राहतं, आणि तिथे माझा स्वतःचा हिशेबही अडखळतो. खर्च आणि भविष्य यांची तुलना करणारा प्रत्येक जण पगार हा आकाशातून पडतो असं धरून चालतो. पगार ठरवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने खासगी नर्सेसच्या पगाराच्या शिफारशी केल्या. दोनशेहून जास्त खाटांच्या हॉस्पिटलात सरकारी पगाराइतका पगार, शंभर ते दोनशे खाटांना फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरला फार तर पंचवीस टक्के कमी आणि पन्नासहून कमी खाटांच्या लहान हॉस्पिटलातही वीस हजारांपेक्षा कमी नाही. शिफारशी राज्यांकडे गेल्या आणि बहुतेक ठिकाणी तिथेच थांबल्या. केरळच्या नर्सेसनी २०१७ मध्ये संप केला आणि २०१८ मध्ये राज्याने वीस हजारांच्या किमान मूळ वेतनाची अधिसूचना काढली. महाराष्ट्रात तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये आजही वीस हजारांच्या खालीच बोलणी होतात. वर मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात, आणि सोडून जायचं म्हटलं की दंड सांगतात.

हॉस्पिटलच्या बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ अशी एक ओळ असते. रोजचे पाचशे रुपये धरा. अनेक ठिकाणी जास्तच असतात. दहा खाटा भरलेल्या असतील तर महिन्याचे दीड लाख. तीन पाळ्यांना तीन सिस्टर आणि सुट्टीची एक, प्रत्येकी पंधरा हजार, म्हणजे साठ हजार. उरलेल्या नव्वद हजारांत औषधं नाहीत, खोली नाही, डॉक्टर नाही. त्या प्रत्येकाची बिलात वेगळी ओळ आहे. मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं यावर आपण महिनोन्‌महिने खल करतो, आणि या नव्वद हजारांबद्दल डिस्चार्जच्या खिडकीपाशी एकदाही विचारत नाही.